पालखी दारात आणि घरात पाहुणे

गुहागर तालुक्यातली सहा घरं मी सांभाळते. मालक मुंबई-पुण्याला, चाव्या माझ्याकडे, बुकिंग ॲपवर. लोकांना वाटतं, चादरी बदलायच्या नि चहा विचारायचा. खरं काम अकरा ते एक, जुने पाहुणे निघून नवे येईपर्यंत. न्हाणीच्या जाळीत अडकलेली वाळू काढायची (अंगणात नळ आहे, पण तिथे पाय धुवून आत येतील तर शपथ!), टाकी भरली की विहिरीवरचा पंप बंद करायचा, खाऱ्या हवेने धरलेल्या कडीला खोबरेल सोडायचं. पाहुणा परदेशी असला तर 24 तासांच्या आत त्याची सरकारी नोंद ऑनलाइन भरायची.

हा शिमगा मात्र डोक्यातून जात नाही.

होळीनंतर ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. आमच्या वाडीत बंद घरापुढे ती थांबत नाही. पालखी सोमवारी रात्री येणार म्हणून वाडीतल्या एका घराच्या मालकांनी ती रात्र ॲपवर अडवली आणि स्वतः येऊन बसले. वरच्या वाडीत मानावरून जुंपली, पालखी तिथेच अडकली. मंगळवारी दुपारी एकला नाशिकचे पाहुणे यायचे होते. मालक म्हणाले, "वहिनी, रद्द करू या का?" नको म्हणणारी मीच. ॲपवरचा उत्तम यजमानाचा बिल्ला टिकवायचा तर ताऱ्यांची सरासरी पाचपैकी 4.8 लागते आणि आपण रद्द केलेली बुकिंगं एक टक्क्याच्या आत. सहाही घरं एकाच खात्यावर. रद्द करण्याच्या कारणांत वादळ आहे, पूर आहे; पालखी नाही. हेल्पलाइनवरच्या मुलीने तर विचारलं, "मॅडम, पालखी म्हणजे घराचं काय नुकसान झालंय?" मालकांनी स्वतःच्या घरातून साडेदहाला चेक-आऊट केलं.

बुधवारी पहाटे साडेपाचला ढोल ऐकू आला. ताट घेऊन धावले. दाराला आकड्यांचं कुलूप, पण पाहुणे आत असताना ते उघडायचं नाही हा माझाच नियम. दार वाजवलं. हाफ पँटमधला मुलगा डोळे चोळत बाहेर आला. "काय झालं? मारामारी?" त्याच्या मागून त्याची आई आली, डोक्यावरून पदर घेतलेला. एवढ्या वेळात तिने चूळसुद्धा भरली असावी.

पालखी अंगणात टेकली. गुरवकाकांनी विचारलं, "घरचं कोन हाय?" मी घरची नव्हे, चावीची. मी तोंड उघडेपर्यंत मुलाच्या आईने, त्या आज्जींनी, माझ्या हातातलं ताट घेऊन खण-नारळाने ओटी भरायला सुरुवात केली. गाऱ्हाण्यात मालकांचं नाव झालं आणि गुरवकाका क्षणभर अडखळले. मग म्हणाले, "आनि आज जे कोन ह्या घरात वस्तीला हायती, त्यांनला सुकी ठेव रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" आज्जी रडल्या.

मुलाने चार तारे दिले. 'घर स्वच्छ. शांत जागा म्हणून घेतली होती, पहाटे फार गोंगाट.'

मालकांना पालखी आल्याचं कळवलं. ओटी कोणी भरली ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. परवा त्यांचा फोन आला. "वहिनी, प्रसादाच्या नारळाचं भकल फ्रीजरमध्ये ठेवलंय ना? अक्षय्य तृतीयेला येतोय."

भकल आज्जींच्या पिशवीतून नाशिकला गेलं. मी "हो" म्हणून बसले आहे.