डिसेंबरात वाहणारा नाला : माझा अनुभव

पारसिकच्या डोंगरावरून उतरणारे नाले आधी एमआयडीसीचा पट्टा ओलांडतात, मग ठाणे-बेलापूर रस्ता, मग रेल्वे, मग आमच्यासारख्यांच्या इमारती आणि शेवटी ठाणे खाडीत जातात. मी राहते कोपरखैरण्यात. पावसाळ्यात नाला दुथडी वाहतो यात नवल नाही. पण आमचा नाला डिसेंबरातही वाहायचा. कधी फेस, कधी जांभळट झाक, आणि रात्री उशिरा असा वास की खिडक्या लावून घ्याव्या लागत. डोंगरावर पाऊस नाही, मग हे पाणी कुणाचं? एवढ्याच प्रश्नापायी मी या भानगडीत पडले.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटोंचा पूर यायचा. कुणी तक्रार केली की एका कार्यालयाकडून उत्तर यायचं, नाला आमच्या हद्दीत शिरतो तेव्हाच घाण असतो. दुसरं म्हणायचं, खाली त्यात घरगुती सांडपाणी मिसळतं. दोन्ही खरं होतं, आणि म्हणूनच काही हलत नव्हतं.

मग ठरलं, पाणी तपासून घ्यायचं. शेजारचे काका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले, त्यांनी पुढाकार घेतला. वर्गणी काढून खासगी प्रयोगशाळेचा माणूस बोलावला. नमुना खाडीच्या तोंडाशी घ्यायचा बेत होता, पण तिथे जाळं विणत बसलेल्या एका कोळी आजोबांनी तो मोडीत काढला. म्हणाले, "आता भरती हाय. खाडीचं पानी भरून नेशील, तुला काय गावनार? सुकतीला ये, नाय तर वर जा." आम्ही वर गेलो. रेल्वेच्याही पलीकडे, जिथे भरती पोचत नाही.

अहवालात सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण किती प्राणवायू खाईल त्याचं माप, भरमसाट निघालं. प्रक्रिया केलेलं पाणी नदीनाल्यात सोडायचं तर मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे. आम्ही त्याच्या कितीतरी वर होतो. कागद घेऊन मोठ्या ऐटीत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात गेलो. अधिकारी सज्जन होते, चहाही विचारला, आणि शांतपणे सांगितलं की हा अहवाल कोर्टात टिकणार नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २१ बघा. नमुना मंडळाने अधिकार दिलेल्या माणसानेच, कारखान्याला नोटीस देऊन, सीलबंद करून घ्यावा लागतो. आमचे लोक भडकले. मला मात्र ते पटलं. नाहीतर उद्या कुणीही कसलीही बाटली भरून शेजारच्या कारखान्याचं नाव लावेल.

खरी वाट सापडली ती कन्सेंटमध्ये. सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याला मंडळाकडून संमतीपत्र, म्हणजेच कन्सेंट, घ्यावं लागतं. पाणी किती वापरायचं, सांडपाणी किती निघेल, ते कुठे सोडायचं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्याच्या प्रती मंडळाच्या संकेतस्थळावर असतात, आणि अटींची नोंदवही बाधित माणसाला पाहायला मिळावी असं कलम २५ मध्येच म्हटलंय. मी लेखापालाचं काम करते, असले कागद वाचायचा मला कंटाळा येत नाही. वरच्या अंगाला ज्यांच्या भिंती नाल्याला लागून आहेत अशांचे कन्सेंट काढून बसले. ज्या प्लॉटवर आमचा संशय होता, त्याच्या अटीत सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचं होतं. नाल्यात सोडायची परवानगी कुठेच नव्हती. म्हणजे पाणी किती घाण आहे हा वादच उरत नाही. त्या भिंतीखालच्या पावसाळी गटारातून कोरड्या दिवसांत कारखान्याचं पाणी बाहेर आलं, एवढंच अटीच्या उल्लंघनाला पुरे. आमची सगळी वर्गणी चुकीच्या प्रश्नावर खर्ची पडली होती म्हणा ना.

काका आणि मी रात्री जेवणानंतर फेरी मारायला लागलो. आवारात पाय ठेवायचा नाही, सार्वजनिक रस्त्यावरूनच बघायचं, हा नियम काकांचा. "अगं, आत गेलीस की तूच आरोपी." खिशात पीएचच्या पट्ट्या, स्वस्तातल्या, पाण्यात आम्ल असलं की लाल होणाऱ्या. भिंतीच्या वरच्या बाजूला नाला जवळजवळ कोरडा, खालच्या बाजूला वाहता, आणि पट्टी लालभडक. तारीख, वेळ, गटाराची जागा, व्हिडिओ.

तक्रारअर्ज अर्ध्या पानाचा झाला. "जीवघेणे", "बेजबाबदार" असे शब्द मी खोडून टाकले. जागा, वेळ, कन्सेंटची अट, आणि मागणी एकच : पाहणी रात्री करावी. आवक विभागाचा शिक्का घेतला. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजायचं.

आणि मग शांतता. माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांच्या आत, विषय एकच. कारवाई का केली नाही असं विचारण्यात अर्थ नसतो, "का"चं उत्तर त्या कायद्यात मिळत नाही. मी भेटीचे अहवाल मागितले आणि फाइल प्रत्यक्ष पाहायची परवानगी. ३० दिवस उलटले, प्रथम अपील केलं, मग फाइल समोर आली. त्यात पाहणी झालेली होती! "भेटीच्या वेळी विसर्ग आढळला नाही." भेटीची वेळ सकाळी साडेअकरा. काका इतके हसले की तिथल्या बाई वर बघायला लागल्या.

त्याच अहवालाची प्रत जोडून कलम ४९ खाली नोटीस दिली. मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन सामान्य माणूसही कोर्टात तक्रार नेऊ शकतो, ती ही तरतूद. एका वकीलबाईंनी मसुदा फुकट बघून दिला. नोटिशीची मुदत संपायच्या आत रात्रीची भेट झाली, सीलबंद नमुने घेतले गेले, कारखान्याला कारणे दाखवा नोटीस निघाली आणि अटी मोडल्या तर जप्त होणारी बँक हमी भरून घेतली. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

नाला नितळ झालाय असं मी म्हणणार नाही. घरगुती सांडपाणी अजून येतंच, आणि त्याच पाण्याच्या टोकाला फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर यादीतलं, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं. वरच्या वळणावर आणखी एका गटाराला मध्येच धार लागते. काकांनी पट्ट्यांचा नवा पुडा आणलाय, आणि बँक हमीच्या अटी पाळल्या की ती जप्त झाली हे विचारणारा माझा दुसरा अर्ज गेल्या आठवड्यात आवकमध्ये पडलाय.