पाण्याला विरजण

गेल्या हिवाळ्यात जवळजवळ दोन महिने आमच्या बैठकीच्या खोलीत पाण्याने भरलेली एक काचेची पेटी होती आणि तिच्यात मासा नव्हता. तळाशी बारीक खडी, एका ओबडधोबड लाकडाला बांधलेली चार हिरवी पाने, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा काळा स्पंज, वर दिवा; मखर तयार होते, मूर्तीचा मात्र पत्ता नव्हता. येणारा प्रत्येक जण वाकून आधी डावीकडून पाहायचा, मग उजवीकडून पाहायचा आणि सरळ होऊन विचारायचा, "मासा कुठे आहे?" "यायचाय अजून," असे मी सांगितले की, मुहूर्ताच्या दोन तास आधी कार्यालयात पोहोचलेल्या पाहुण्यासारखा त्याचा चेहरा होत असे.

सुरुवात झाली ती दिवाळीच्या आवराआवरीत. माळ्यावरच्या खोक्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गोल काचेचा बाऊल निघाला. मुलगा तिसरीत असताना त्याच्या हट्टापायी आणलेला तांबडा फायटर मासा या बाऊलमध्ये राहत होता आणि डिसेंबरातल्या एका सकाळी तो तळाशी आडवा पडलेला सापडला होता. थंडीने गेला, असे म्हणून आम्ही हळहळलो होतो आणि कुंडीत त्याला पुरून मोकळे झालो होतो. मुलगा आता बारावीत आहे. त्याने बाऊल हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाला, "आपण त्याला लोणच्याच्या बरणीत ठेवलं होतं, आई." एवढे बोलून तो अभ्यासाला निघून गेला आणि मी बाऊल पुसत बसले.

बाऊल विकणाऱ्याचे शब्द मला अजून आठवतात: "याला काही लागत नाही मॅडम, वाटीतसुद्धा राहतो." दुकानात फायटर ज्या अवस्थेत मांडलेले असतात ती पाहिली की हे खरेच वाटते, कारण पेलाभर पाण्याच्या प्लास्टिकच्या डब्या ओळीने लावलेल्या असतात आणि दोन डब्यांच्या मध्ये पुठ्ठा असतो, नाहीतर शेजारी दिसताच दोघेही कल्ले फुगवून दिवसभर काचेला धडका देत बसतात. या सहनशीलतेचे रहस्य त्याच्या शरीरात आहे. कल्ल्यांच्या वर त्याला घड्या-घड्यांचे एक निराळे इंद्रिय असते, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो आणि ज्या पाण्यातला प्राणवायू संपला आहे तिथेही तगून राहतो. तगून राहतो म्हणजे सुखाने राहतो, असा अर्थ मात्र आपण आपल्या सोयीने काढलेला आहे.

हा मासा मूळचा थायलंडचा, तिथल्या भातशेतांतला आणि उथळ दलदलीतला. तिथे त्याला 'प्ला कट' म्हणजे चावरा मासा म्हणतात. इंग्रज मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० मध्ये त्याला 'बेट्टा स्प्लेंडेन्स' हे शास्त्रीय नाव दिले आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. उथळ पाण्यात राहतो म्हणून थोडक्या पाण्यात राहतो, हा तर्क ज्याने प्रथम लढवला त्याने भाताचे खाचर पाहिलेले नसावे. मुळशी-मावळात आषाढ-श्रावणात फिरलेल्या माणसाला ठाऊक असते की खाचरातले पाणी पोटरीपर्यंतही येत नाही, पण ते बांधापासून बांधापर्यंत पसरलेले असते, उन्हाने कोमट असते, आणि त्याच्या तळाच्या चिखलात न दिसणारी सफाई अखंड चालू असते. आमच्या बाऊलमध्ये तीन लिटर पाणी होते, चिखल नव्हता, आणि पुण्याच्या डिसेंबरात दुपारी तिशीच्या जवळ जाणारा पारा पहाटे दहा-बारा अंशांवर उतरतो तेव्हा त्या तीन लिटरांनाही त्याच्यामागे उतरावे लागत होते. चोवीस ते अठ्ठावीस अंशांत रमणाऱ्या प्राण्याची आम्ही रोज रात्री थंडीत पाठवणी करत होतो.

तेव्हा या वेळी पेटी घेतली ती दीड फूट लांब, १० इंच रुंद आणि फूटभर उंच. वर दोन इंच मोकळे सोडून भरली की तीत तीसेक लिटर पाणी मावते. लिटरमागे एक किलो या हिशेबाने, काच आणि खडी धरून वजन ३५ ते ४० किलोंच्या घरात जाते. म्हणून सासऱ्यांचे बुटके सागवानी कपाट रिकामे करून घेतले, त्यावर पाण्याची परात ठेवून ते समतल आहे का ते पाहिले आणि काचेखाली थर्माकोलचा पत्रा अंथरला. वरची दोन इंच जागा शोभेची नसते. माशाला हवा घ्यायला ती लागते. त्यावर झाकण लागते, कारण हा मासा उडी मारण्यात पटाईत आहे. झाकणामुळे पाण्यावरची हवाही उबदार राहते. खडी तांदूळ धुतात तशी धुतली. फरक इतकाच की तांदळाचे पाणी तिसऱ्या वेळी निवळते आणि खडीचे बाराव्या वेळीही निवळत नव्हते. जावा फर्नचा आडवा कंद खडीत पुरला तर कुजतो, म्हणून तो लाकडाला बांधायचा असतो. त्यासाठी सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा कामी आला. पन्नास वॉटचा हीटर २६ अंशांवर लावला. गाळणी निवडली ती हवेच्या पंपावर चालणारी साधी स्पंजाची, कारण पदरासारखे पर मिरवणाऱ्या माशाला जोराचा प्रवाह म्हणजे वादळात साडी सावरण्यासारखे असते.

पाण्याची सोय पुणेकराला शिकवावी लागत नाही. दुरुस्तीसाठी शहराचा पुरवठा बंद ठेवायचा झाला की तो बहुधा गुरुवारी बंद असतो, म्हणून बुधवारी रात्री भरलेली बादली आमच्या घरात पिढीजात आहे. खडकवासल्याहून पर्वतीच्या जलकेंद्रामार्गे आमच्या सहकारनगरात येणाऱ्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते आणि उघड्या बादलीत दिवसभर ठेवले की ते बरेचसे उडून जाते. शिवाय क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे दोन थेंब टाकायचे, एवढेच.

खरी गोष्ट यापुढे सुरू होते. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेले अन्न कुजूनही तोच होतो, आणि थोडक्या पाण्यात तो लवकरच विषाच्या पातळीला जातो. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच असते. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते त्या मानाने निरुपद्रवी असते, थोडे झाडे खातात आणि बाकीचे आपण आठवड्याला पाव पाणी बदलून काढून टाकतो. मातीत हे काम जिवाणू करतात, हे सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते स्पंजाच्या छिद्रांत आणि खडीवर वस्ती करतात, आणि नव्या पेटीत ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. वस्ती बसेपर्यंत मासा आणायचा नाही, पण तिला खायला मात्र मिळाले पाहिजे, म्हणून मी दर दोन दिवसांनी माशाच्या खाण्याची चिमूट रिकाम्या पाण्यात सोडत असे.

"मासा नाही आणि त्याला जेवण घालतेस?" सासूबाईंनी विचारले. त्यांचे वय ७८, आणि मासे खाणे, पाळणे वा पाहणे यांपैकी कशाशीच त्यांचा आजवर संबंध आलेला नव्हता. मी त्यांना अमोनियापासून सगळे समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे विरजण लावलंयस. मग सारखं हलवून बघू नकोस." घरातल्या इतर कोणालाही जे कळले नव्हते ते त्यांना एका वाक्यात कळले आणि त्या दिवसापासून, मासा कुठे आहे, असे विचारणाऱ्या पाहुण्यांना त्या परस्पर उत्तर देऊ लागल्या.

हलवून पाहण्याचा मोह मात्र मला आवरत नसे. तपासणीच्या संचातल्या काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचे, पहिल्या बाटलीतले आठ आणि दुसऱ्या बाटलीतले आठ थेंब टाकायचे, हलवायचे आणि पाच मिनिटे थांबायचे. मग ती नळी गॅलरीतल्या उजेडात रंगांच्या पट्टीशेजारी धरायची. पिवळा राहिला तर अमोनिया नाही, हिरवट झाला तर आहे. नायट्राइटसाठी निराळे थेंब असतात. तिथे आकाशी रंग चांगला आणि जांभळा वाईट. पिवळा आणि पिवळसर हिरवा यांच्या मधल्या छटेवर घरात किती मतभेद होऊ शकतात, हे साडीच्या दुकानात बसलेल्या माणसाला सांगायला नको. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस हिरवा फिका होऊ लागला आणि जांभळा चढला, म्हणजे पहिली वस्ती बसली होती आणि दुसरी बसायची होती. मी खूश होऊन कामाला गेले.

संध्याकाळी परतले तेव्हा स्पंज नव्यासारखा दिसत होता. आमच्या कामाच्या मावशींना झाकण उचलून काचेचा वरचा काठ पुसताना तो काळपट, बुळबुळीत गोळा दिसला होता. त्यांनी तो काढून नळाखाली धरून, पिळून-पिळून स्वच्छ केला होता आणि जागच्या जागी बसवला होता. "तीन वेळा धुतला ताई, काळं पाणी जाईचना," असे त्यांनी अभिमानाने सांगितले. त्यांना बोल लावण्यासारखे काही नव्हते. घाण दिसली की काढायची, हेच त्यांना मी पंधरा वर्षे सांगत आलेले होते. घाणीतही एक राखून ठेवायची घाण असते, हे सांगायचे राहून गेले होते. नळाच्या क्लोरीनने आपले काम चोख केले होते. दोन दिवसांनी नळीतले पाणी पुन्हा गडद हिरवे झाले. उत्साहावर विरजण पडणे हा वाक्प्रचार दह्याचे विरजण वाहून गेल्यावर आठवावा, याची मला त्या अवस्थेतही गंमत वाटली.

"मग कोणाकडून मागून आण," सासूबाई म्हणाल्या. "दही नासलं तर आम्ही काय नव्याने शोधत बसत होतो? शेजारून वाटीभर आणायचं." आणि खरोखर तोच शास्त्रशुद्ध उपाय आहे. कोथरूडच्या एका मैत्रिणीकडे चार फुटी हौद कित्येक वर्षे नांदतो आहे. तिने आपल्या गाळणीच्या जुन्या स्पंजाचा हातभर तुकडा कापून तिच्याच हौदाच्या पाण्यात बुडवून स्टीलच्या डब्यात दिला. तो वाळता कामा नये आणि फार वेळ कोंडूनही राहता कामा नये, म्हणून मी स्कूटरवर म्हात्रे पूल आणि दांडेकर पूल यांच्यामधले सिग्नल मोजत आले. रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या बाईंनी, डब्यात काय आहे, असे विचारले तेव्हा मी "विरजण" एवढेच सांगितले आणि त्यांना ते पटले. डबा पाहून सासूबाईंनी बजावले, "यात पुन्हा भाजी भरायची नाही."

त्या तुकड्याने दहा-बारा दिवसांत काम केले. जानेवारीच्या मध्यावर एका रविवारी पिवळा पिवळा राहिला आणि आकाशी आकाशी राहिला. दोन दिवस थांबून पुन्हा पाहिले, तेच. तोवर सोसायटीच्या कुंपणाजवळच्या देशी बदामाची पाने लाल होऊन गळू लागली होती. त्यांतली दोन कोरडी पाने मी उचलून धुऊन उकळून पाण्यात सोडली. या पानांतल्या टॅनिनने पाणी कोऱ्या चहासारखे होते, त्याची आम्लता किंचित वाढते आणि त्यात हा मासा स्वस्थ असतो. आग्नेय आशियातले फायटर पाळणारे ती मुद्दाम वापरतात. आमच्याकडे ती झाडूने गोळा करून जाळली जातात. मुलगा पेटीकडे पाहून म्हणाला, "दूध घालायचं राहिलंय."

मासा आणला तो गडद निळा, शेपटीच्या मुळाशी तांबूस झाक असलेला. पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवली, मग दर पाच मिनिटांनी पेटीतले अर्धी वाटी पाणी पिशवीत घातले आणि शेवटी दुकानाचे पाणी बाहेरच राहील अशा बेताने त्याला जाळीने आत सोडले. तो सरळ बदामाच्या पानाखाली गेला आणि तिथेच राहिला. दोन महिने वाट पाहून मंडळी पेटीसमोर बसली होती आणि आता मासा असूनही दिसत नव्हता. त्या संध्याकाळी आलेल्या शेजारच्या काकांनी नेहमीप्रमाणे डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले आणि म्हणाले, "अजून नाही का आणला?"

तिसऱ्या दिवशी तो बाहेर आला, हळूहळू आपल्या तीस लिटरांची हद्द फिरून पाहू लागला, आणि काचेतल्या आपल्याच प्रतिबिंबावर कल्ले फुगवून झाल्यावर सासूबाईंच्या चष्म्यावरही त्याने ते फुगवले. सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन दाणे एवढाच त्याचा आहार. त्यावरून सासूबाईंचे आणि माझे अजून पटलेले नाही. मावशींना मी बजावून ठेवले होते की पेटीच्या आत काहीही दिसले तरी मला विचारल्याशिवाय काढायचे नाही, आणि त्या बिचाऱ्या तेव्हापासून काठही पुसायला कचरत होत्या.

पंधराएक दिवसांनी, एका गुरुवारी, मी बाथरूममध्ये बादलीतले पाणी तांब्याने पुरवून पुरवून वापरत होते तेव्हा बाहेरून मावशींची हाक आली, "ताई, त्या पानाखाली फेस जमलाय हो, साबणासारखा. काढू का?" नर आपल्या लाळेचे बुडबुडे एकाला एक चिकटवून पाण्यावर घरटे बांधतो, आणि मादी असो वा नसो, मन रमले की बांधतो, हे मी सासूबाईंना कधीतरी वाचून दाखवले होते. मी कडी काढून बाहेर येण्याआधीच स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज पोहोचला होता, "हात लावू नकोस गं, त्याने घर बांधलंय!"