क्लच कव्हरच्या आतली दोन टिंबं

आमच्या गॅरेजला पहिली तीन वर्षं पाटीच नव्हती. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, नदीकडच्या अंगाला आमचं जुनं घर. मागं परडं, परड्यात गोठा. वडिलांनी म्हशी विकल्या, गोठा मोकळा झाला, आणि २००७ च्या दिवाळीत मी तिथं मामांची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल आणून उभी केली. तेव्हा मी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये लेथवर होतो. दिवसभर दुसऱ्याचे जॉब, रात्री गोठ्यात बल्ब लावून मामांची गाडी.

ही गाडी १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, ५० बाय ५० मिलिमीटरची बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव), ११ हॉर्सपॉवर, हे सगळं तुम्हाला पाठ असेल. मलाही पाठ होतं. पाठ असून काय होतं ते मला पन्हाळ्याच्या रस्त्यानं दाखवलं. सिलिंडर मी स्वतः बोअर केला होता, होनिंगही झक्क. पिस्टनला क्लिअरन्स, म्हणजे सिलिंडरशी फट, जरा कमीच ठेवला, म्हटलं टाइट गाडी पळते. आणि बोअर झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडा मोडायच्या राहिल्या. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनची रिंग पोर्टवरून मिनिटाला हजारो वेळा सरकते. कड धारदार राहिली तर ती रिंग अडकवणारच. वाघबिळाच्या चढाला गाडी जी जाम झाली ती मामांनी ढकलत खाली आणली. ते एक शब्द बोलले नाहीत, पण पुढची दोन वर्षं आमच्याकडं जेवायला आले नाहीत.

तेव्हापासून बोअरचं काम कुठूनही करून आलेलं असो, सिलिंडर हातात आला की मी आधी करंगळी आत घालून पोर्टची कड बघतो. करंगळीला लागलं तर गोल कानस आणि नंतर बारीक पॉलिश पेपर. पंधरा मिनिटांचं काम, ज्याचं बिल कुणी देत नाही.

घरी काम करायचं म्हणजे घरच्यांची परीक्षा. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचात, बेअरिंग ठोकून बसवायचं नसतं. केस तापवायची आणि बेअरिंग थंड करायचं, मग ते स्वतःच्या वजनानं टपकन आत बसतं. केस तापायची भाकरीच्या तव्यावर आणि बेअरिंग फ्रीजमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोथिंबिरीशेजारी. आईनं एकदा तव्याला पेट्रोलचा वास आला म्हणून तो तवाच मला देऊन टाकला. तो अजून आहे. गॅरेजमधलं सगळ्यात जुनं हत्यार म्हणाल तर तोच.

बाकी हत्यारं हळूहळू जमली. मॅग्नेट, म्हणजे इंजिनाचं चुंबकी चाक, ओढून काढायचा पुलर उद्यमनगरात टर्नरमामांनी करून दिला, तो आजही पहिल्या दिवसासारखा चालतो. डायल गेज, म्हणजे शतांश मिलिमीटर दाखवणारं सुईचं माप, जुन्या बाजारातून घेतला. ज्यांना घरी गाडी खोलायचीय त्यांना एकच सांगतो: आधी जपानी खाचेचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. यामाहाच्या कव्हरचे स्क्रू दिसायला साध्या फुलीचे, पण ती खाच वेगळी. आपला नेहमीचा फिलिप्स त्यात पुरता बसत नाही, घसरतो, फुलीचा गोल खड्डा होतो आणि मग छिन्नी. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ इंजिनांवर छिन्नीचे वण असतात. आणि हातोडीच्या ठोक्यानं स्क्रू फिरवणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्याच, शेजाऱ्याकडून मागू नका. मागून आणलेलं हत्यार घाईत वापरलं जातं.

आयटीआयला माझ्याबरोबर असलेला एक मित्र २००९ पासून भागीदार झाला. इंजिन माझं, रंग त्याचा. त्याच्या हाताला तोड नव्हती, हे मी आजही म्हणतो. टाकीवरची सोनेरी रेघ तो टेप न लावता ब्रशनं ओढायचा, श्वास रोखून, एका दमात. अशा वेळी परड्यात कुणी शिंकायचं नाही असा नियम होता.

२०१० ते २०१६ या काळाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कामं झाली.

बिनसलं ते एका पिस्टनवरून. पुण्याहून आलेल्या गिऱ्हाइकाला त्यानं सांगितलं, पिस्टन जपान ओरिजिनल आहे. होता तो आपल्याकडचाच, चांगला होता, पण जपान नव्हता. गिऱ्हाइकानं मला सरळ विचारलं आणि मी सरळ सांगितलं. संध्याकाळी भांडण. तो म्हणाला, "तुला धंदा कळत नाही." मी म्हणालो, "तुला पिस्टन कळत नाही." महिनाभरात तो गेला. जाताना त्याची स्प्रे गन नेली, ती त्याचीच होती. माझी फोन नंबरांची वहीही गेली, ती मात्र माझी होती. हायवेच्या बाजूला त्यानं काचेचं दुकान टाकलं. आत एसी, बाहेर रांगेत चकचकीत आरएक्स, आणि बोर्डवर मोठ्या अक्षरांत 'जपान'. लोक जातात. जाऊ देत. पण त्याच्याकडून गाडी घेतलीच असेल तर रंगाला भुलण्याआधी चेसिस नंबर आणि आरसी बुक जुळतंय का ते बघा. पावडर कोटिंगचा थर जाड असला की नंबर वाचता येत नाही, आणि पासिंगला आरटीओत गेलात की तिथला माणूस तुमच्या टाकीवरची रेघ बघत नाही.

आता २०१९.

पंचगंगा दरवर्षी वर येते. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात लहान पोरांनाही ठाऊक. आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण होती आणि प्रत्येकाचा तिच्यावर देवासारखा विश्वास. मीही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गोठ्यातल्या सात गाड्या त्या खुणेच्या दोन फूट वर, लोखंडी मांडणी करून चढवल्या. खोललेली इंजिनं माळ्यावर. मग बायको-पोरांना घेऊन बहिणीकडं गेलो, आणि खरं सांगायचं तर त्या रात्री निवांत झोपलो.

नदी ५५ फुटांच्या वर गेली. २००५ ची खूण कुठं होती हे सांगायला भिंतच दिसत नव्हती. आठवडाभर पाणी उभं. उतरल्यावर दार उघडलं तर चिखलानं आतून धरलेलं. ढकलून फट पडली तसा वास आला. ज्यांच्या घरात पूर शिरलाय त्यांना तो वास माहीत आहे, इतरांना सांगून कळणार नाही. माळा खाली आला होता. रिंगांचे डबे, जेटच्या डब्या, बारा वर्षांत जमवलेले जुने मिकुनी कार्बोरेटर, सगळ्यावर एकसारखा राखाडी गाळ. सात गाड्यांपैकी पाच आडव्या. जॉब कार्डांच्या फाइलचा लगदा झालेला, म्हणजे कुणाचा किती ॲडव्हान्स आलाय हेही गेलं.

तिसऱ्या दिवशी आमचा जुना भागीदार टेम्पो घेऊन आला. मला वाटलं मदतीला. त्यानं मोबाइलवर फोटो काढले, "वाईट झालं" म्हणाला, आणि दोन गिऱ्हाइकांनी सांगितलंय म्हणून त्यांच्या दोन गाड्या चढवून घेऊन गेला. चिखल पुसायला फडकं माझंच घेतलं.

त्याच दिवशी दुपारी आप्पा आले.

आप्पा प्रयाग चिखलीचे. दुधाचा रतीब, गाडी येझदी रोडकिंग, दोन्ही बाजूंना कॅन. २००८ ला पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडं लावायला पाटी नव्हती आणि त्यांच्याकडं द्यायला पैसे नव्हते. क्रँकचा कनेक्टिंग रॉड, पिस्टनला क्रँकशी जोडणारा, खिळखिळा झालेला. मी काम केलं, त्यांनी पाच महिने रोज एक लिटर दूध घातलं, एक दिवसही चुकवला नाही. नंतर दर पावसाळ्याआधी गाडी आणायचे: प्लगची ठिणगी पाडणारे पॉइंट घासायचे, गॅप ०.३५ मिलिमीटरला लावायचा, सायलेन्सरमधली काजळी जाळून काढायची. येझदीला किक आणि गिअर एकाच दांडीवर. नवखा माणूस ती आत दाबून वर फिरवायला विसरतो आणि किक समजून पहिला गिअर टाकतो. आप्पा कुणाला गाडी चालवायला द्यायचे नाहीत, पण माझ्या पोराला ती दांडी फिरवायला त्यांनीच शिकवलं.

पुराच्या वेळी त्यांची येझदी माझ्याकडंच होती. त्या सातांतली एक. त्यांच्या गावाला तर पाण्यानं वेढाच घातला होता. आप्पा दारात उभे राहिले, आत बघितलं, धोतर वर खोचलं आणि म्हणाले, "म्हस माझी पोहून आली. तुझं इंजिन येतंय का बघू."

दोन दिवस ते डिझेलच्या घमेल्याशी बसून एकेक स्क्रू धूत होते. मी घरी जायला सांगितलं तर म्हणाले, घरात तरी काय राहिलंय?

बुडालेल्या गाडीचं शास्त्र मी त्या पंधरवड्यात शिकलो, फुकट सांगतो. पाण्यातून काढलेल्या गाडीला किक मारू नका. पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. आधी प्लग काढा, टू-स्ट्रोक असेल तर क्रँककेसचा ड्रेन खोला; ड्रेन नसेल तर गाडी आडवी करा. पाणी गेलं की इंजिनात डिझेल भरा आणि मॅग्नेट धरून हातानं फिरवा, रोज, आठवडाभर. बेअरिंगला खरा गंज पाण्यात असताना चढत नाही, पाणी उतरून हवा लागली की चढतो. त्या दिवसांत अख्खं शहर किका मारत होतं. गल्लीतल्या स्कूटर, मोपेड, शाळेच्या शिपायाची लूना, जे आलं ते मी केलं, शंभर-दोनशे रुपयांना. ज्या कामाला मी एरवी हात लावला नसता त्याच कामानं दिवाळीपर्यंत घर चालवलं.

सातांत एक राजदूत ३५० होती, यामाहाच्या आरडी ३५० वरून आपल्याकडं बनलेली टू-स्ट्रोक. त्या गाडीबद्दल मी लिहीत बसलो तर थांबणार नाही. १९८३ ला आलेली, दोन सिलिंडर, सहा गिअर, तिच्या हाय टॉर्क मॉडेलला ३०.५ हॉर्सपॉवर, आणि पेट्रोल पिते म्हणून ज्या देशात कुणी घेतली नाही तिथंच आज तिच्या मागं लोक वेडे झालेत. तिच्या क्रँकचे चारही बेअरिंग गंजले होते. हायड्रॉलिक प्रेसवर क्रँक फोडून, नवे रॉड घालून परत दाबला, व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवून तांब्याच्या हातोडीनं ठोकत ठोकत डायल गेजची सुई दोन शतांश मिलिमीटरच्या आत आणली. तीन रात्री. क्लच कव्हर लावण्याआधी माझी सवय म्हणून आतल्या अंगाला सेंटर पंचनं दोन टिंबं मारली. आमच्याकडून निघालेल्या प्रत्येक इंजिनात ती असतात, बाहेरून दिसत नाहीत.

इंजिन चालू झालं. मालकांनी पैसे दिले, चहा प्यायला, आणि रंगासाठी गाडी कुठं नेली असेल? पुढच्या वर्षी ती काचेच्या दुकानात उभी, टाकीवर सोनेरी रेघ, खाली स्टिकर: 'पुरातून वाचवलेली, संपूर्ण रिस्टोरेशन' आणि दुकानाचं नाव. रेघ सुंदरच होती.

२०२१ ला पाणी परत आलं. तेव्हा गाड्या आधीच टेम्पोत घालून कळंब्याला चुलतभावाकडं नेल्या होत्या. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

मध्येच एक गंमत. आप्पांचा भाचा दुबईला एसीच्या कंपनीत आहे. त्यानं तिथं मित्रांबरोबर यामाहाची जुनी बॅन्शी घेतली, चार चाकांची, वाळूत उडवायची. १९८७ ला निघालेलं मॉडेल. त्याचा फोन आला, "काका, इंजिन धूर टाकतंय." मी म्हटलं, मी ही गाडी बघितलेलीसुद्धा नाही. मग त्यानं बोअर-स्ट्रोक सांगितली: ६४ बाय ५४, ३४७ सीसी, दोन सिलिंडर. अरे, ही तर आपल्या राजदूतची भावकी! फक्त पाण्यावर थंड होणारी. पुढच्या सुट्टीला तो कपड्यांच्या बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळून क्रँक घेऊन आला. विमानतळावर काय सांगितलंस विचारलं तर म्हणाला, "आजीचा पाटा-वरवंटा." क्रँकला वाळू लागलेली. एअर फिल्टरला तेल न लावता कोरडाच बसवला होता आणि बॉक्सचा रबर फाटलेला. वाळूतल्या गाडीला दर फेरीनंतर फिल्टर धुवायचा, आणि इंजिन बांधल्यावर फुंक भरून गळती तपासायची. क्रँकच्या टोकाचं रबरी सील कुठं हवा ओढत असेल तर पेट्रोल-हवेचं मिक्श्चर पातळ होतं आणि पिस्टनला भोक पडतं. क्रँक करून दिला. तो त्यानं दुबईत घराच्या पार्किंगमध्ये बसवला, व्हिडिओ पाठवला. इंजिनाचा आवाज ऐकून बायको आतून म्हणाली, राजदूत आली का परत?

परत आली ती या उन्हाळ्यात. मालक स्वतः ढकलत घेऊन आले, मान खाली. उजव्या बाजूनं पांढरा धूर. उजव्या अंगाचं क्रँक सील गेलं की इंजिन गिअरचं तेल ओढतं, तोच धूर. मी म्हटलं, तिकडं दाखवलीत का? म्हणाले, दाखवली, ते म्हणतात पुराच्या वेळी इंजिन नीट बांधलं गेलं नव्हतं.

मी काही बोललो नाही. सहा वर्षांत रबराचं सील कडक होतंच. गाडी स्टँडवर घेतली, तेल काढलं, किक दांडी उतरवली. कव्हरचे स्क्रू एकेक करून ढिले केले, एकालाही छिन्नी लागलेली नव्हती, म्हणजे माझ्यानंतर ते कुणी उघडलंच नव्हतं. कव्हर उलटं करून मालकांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा वर केला, उजेडात धरलं.

"ही काय खूण आहे?"

सील बदललं, क्रँक पुन्हा तपासला, सुई जागची हलली नाही. तिसरं टिंब मारलं, कव्हर बसवलं. सील, गॅसकेट, तेल आणि मजुरी मिळून १,८५० रुपये. स्टिकर त्यांनी घरी जाऊन स्वतः काढला, असं आप्पा सांगत होते.