तपासणी खोलीतला कूलर

सोलापुरात एप्रिल लागला की रुग्णालयात सर्वांत आधी खिडक्या बंद होतात. पारा चाळिशी ओलांडतो, झळा आत येऊ लागतात, आणि आमचे वॉर्डबॉय मामा सकाळी दहा वाजताच झडपा ओढून घेऊन खोलीच्या कोपऱ्यात कूलर सुरू करतात. त्यांचा हेतू चांगला असतो; पण त्या बंद खोलीत दिवसभर खोकणारे रुग्ण येत-जात असतात आणि आम्ही तिथेच बसलेलो असतो.

गेली एकोणीस वर्षे मी परिचारिका म्हणून काम करते. त्यांतले सहा महिने मी स्वतः क्षयाच्या गोळ्या घेतल्या, कारण माझ्या फुप्फुसाच्या आवरणात पाणी झाले होते. या औषधाने लघवी नारिंगी होते हे शेकडो रुग्णांना सांगितलेले असूनही, पहिल्या दिवशी मीच दचकले होते. जंतू नेमका कुठून आला, हे कुणालाच सांगता येणार नाही. मात्र त्या काळात मी एका रुग्णालयाच्या ज्या तपासणी खोलीत बसत असे, तिची एकमेव खिडकी ऑइलपेंटच्या थरांनी कायमची चिकटून बसली होती.

क्षयाचा जंतू खोकल्यातून उडालेल्या तुषारांतले पाणी आटल्यावर उरणाऱ्या, साधारण १ ते ५ मायक्रॉनच्या कणांवर स्वार होऊन येतो, आणि रुग्ण उठून गेल्यावरही हे कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. खोलीतली हवा तासाला १२ वेळा बदलत असेल, तर त्यांतले ९९ टक्के कण निघून जायला सुमारे २३ मिनिटे लागतात. ती ६ वेळाच बदलत असेल, तर ४६ मिनिटे. पेरू देशातल्या लीमा शहरातील आठ रुग्णालयांत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत हवा नव्या इमारतींपेक्षा बरीच जास्त खेळती आढळली. आपण मात्र जुन्या वॉर्डांना फॉल्स सीलिंग बसवून त्यालाच सुधारणा म्हणतो.

मग उन्हाळ्यात करायचे काय? कोपऱ्यातला कूलर खोलीतलीच हवा ओली करून पुन्हा फिरवतो; तोच खिडकीबाहेर बसवला, तर तो बाहेरची ताजी हवा आत ढकलतो आणि समोरची झडप उघडी असेल, तर आतली हवा बाहेर निघून जाते. आणखी एक गोष्ट पाहावी लागते: वारा आधी आमच्या पाठीवर यावा आणि मग रुग्णाकडून बाहेर जावा, अशी टेबल-खुर्ची मांडायची. याला खर्च जवळजवळ काहीच येत नाही, कदाचित म्हणूनच त्याचा प्रस्ताव कुणी तयार करत नसावे.

दुसरी गोष्ट रांगेची. केसपेपर काढतानाच खोकणाऱ्याला विचारून, साधा मास्क देऊन बाहेर सावलीत बसवले आणि आधी तपासून मोकळे केले, तर निम्मे काम तिथेच होते. आपल्या गावात विड्या वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावरचे कामगार खोकल्याला आजार समजतच नाहीत; ‘खोकला आहे का’ असे विचारले की ‘नेहमीचाच आहे’ असे उत्तर येते. म्हणून ‘दोन आठवडे झाले का’ असेच विचारावे.

मास्कचा क्रमांक यानंतरचा, जरी चर्चा नेहमी त्याचीच होते. साधा सर्जिकल मास्क रुग्णाचे तुषार अडवण्यापुरता ठीक. कर्मचाऱ्याला एन-९५ लागतो, आणि तोही दोन्ही पट्टे डोक्यामागे घेऊन, नाकावरची तार दाबून, कडेने हवा निसटत नाही हे पाहून लावलेला. मे महिन्यात घामाने भिजलेला मास्क दुपारी बदलावाच लागतो, आणि तिथे हिशेब आडवा येतो. आमच्याकडे डॉक्टर आणि परिचारिका यांना मोजून मास्क मिळत. थुंकीची भांडी उचलणाऱ्या आणि खाटांखालून झाडू फिरवणाऱ्या मावशी मात्र पदर नाकाला लावून काम करत, कारण त्यांचा पगार ठेकेदार देत असे आणि वाटपाच्या वहीत त्यांचे नावच नव्हते.