पहिल्या शंभर पुंगळ्या

उडालेली काडतुसं घरी पुन्हा भरायचा प्रेस, म्हणजे दांड्यानं चालणारं हातयंत्र, टेबलाला बसवून तीन महिने झाले. सुरुवात शंभर रिकाम्या पुंगळ्यांपासून (काडतुसाची पितळी नळकांडी) केली होती, सगळ्या .३०८ विंचेस्टर या रायफलीच्या काडतुसाच्या. नव्वद माझ्याच रायफलीतून एकेकदा उडालेल्या आणि दहा एका मित्रानं "घे, तुला उपयोगी पडतील" म्हणून दिलेल्या. आज कामाच्या ९१ उरल्यात. या नोंदीत सांगण्यासारखं काही असेल तर ते गेलेल्या नऊंबद्दलच आहे.

त्यातल्या चार मी स्वतःच बाजूला काढल्या. मित्राच्या दहांत चारांच्या बुडाला प्रायमरभोवती (पावडर पेटवणारी बुडातली टिकली) एक दाबलेली गोल खूण दिसली. म्हणजे लष्करी बनावटीच्या. प्रायमर हलू नये म्हणून तिथं कड दाबलेली असते आणि ती काढल्याशिवाय नवा प्रायमर सरळ बसत नाही. ते जमलं असतं. पण अशा पुंगळ्यांची भिंत बहुधा जाड असते, त्यामुळे आतली जागा कमी, आणि तितकीच पावडर भरली तरी दाब जास्त. नवशिक्यानं दोन जातीच्या पुंगळ्या एका ताटात ठेवू नयेत. ठेवून दिल्या.

पाचवीनं मात्र अख्खा रविवार खाल्ला.

उडून फुगलेली पुंगळी डाय नावाच्या पोलादी साच्यात दाबून पुन्हा मापात आणतात. ती आत अडकू नये म्हणून स्प्रेचं वंगण वापरत होतो. डबीवर स्वच्छ लिहिलंय की मारल्यावर काही मिनिटं थांबा, त्यातलं अल्कोहोल उडून जाऊ द्या. पहिल्या बावीस पुंगळ्यांना थांबलो. तेविसावीला हात सुटला होता, म्हटलं आता काय एवढं. ओली पुंगळी डायमध्ये घातली, दांडा खाली ओढला, नेहमीपेक्षा जड गेला. तिथंच थांबायला हवं होतं. मी दांडा वर उचलताना जोर लावला. "टक्" आवाज आला, दांडा एकदम हलका झाला, आणि पाहतो तर पुंगळीच्या बुडाची कड तुटून शेलहोल्डरमध्ये (बुडाची कड पकडणारा प्रेसचा भाग) राहिलेली, बाकी पुंगळी डायच्या पोटात. बाहेर बोटाच्या पेरापेक्षाही कमी.

आधी खात्री केली की जुना प्रायमर पडलाय. खाली ट्रेमध्ये सापडला, म्हणूनच ड्रिल लावायची हिंमत केली. डाय व्हाइसमध्ये उलटा धरला, जुना प्रायमर पाडणाऱ्या पिनेची आतली सळई जितकी मागं जाईल तितकी घेतली, बुडाच्या भोकातून ५ मिमीचं ड्रिल घातलं, मग एम६चा टॅप मारून आटे पाडले. पितळाला आटे छान पडतात, तेवढंच सुख. वर पाईपचा एक तुकडा ठेवला, पुंगळी त्यातून सहज जाईल एवढा रुंद. त्यावर जाड वायसर, त्यातून बोल्ट. पान्यानं आवळत गेलो तशी पुंगळी चिरचिरत बाहेर आली. डायला ओरखडा नाही. आता स्प्रे मारला की घड्याळ लावतो. मानेच्या (पुंगळीचं गोळी धरणारं अरुंद टोक) आतूनही वंगण लागलं पाहिजे, नाहीतर एक्सपांडरचा, म्हणजे मान आतून मापात आणणारा, गोळा बाहेर येताना किंचाळतो आणि मान ओढून लांब करतो. आणि वंगण फार झालं तर? खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, बारीक पोचे पडतात. माझ्याकडे तशा तीन आहेत, चालतात, दिसायला वाईट एवढंच.

डाय किती खाली घ्यायचा यावर दोन आठवडे गेले. सूचनापत्रक म्हणतं शेलहोल्डरला टेकवा आणि थोडा अजून फिरवा. तसं केलं. मग कंपॅरेटर नावाचं मापक लावून बुडापासून खांद्यापर्यंत मोजलं तर खांदा ०.१८ मिमी मागं गेलेला. काडतूस चेंबरमध्ये (नळीतली काडतूस बसायची जागा) अगदी अलगद जात होतं, मी खूश. क्लबातले एक जुने नेमबाज म्हणाले, "अहो, अलगद जातंय म्हणजे आत मोकळं हलतंय." पुंगळी उडताना पुढं ताणली जाते, पुढच्या वेळी आपण पुन्हा मागं ढकलतो, आणि हे होत राहिलं की बुडाच्या जरा वर भिंत पातळ होत जाते. शेवटी तिथून दोन तुकडे. त्यांनी पेपरक्लिप सरळ करून टोकाला छोटा आकडा वाकवला आणि एका जुन्या पुंगळीत घालून भिंतीवरून वर ओढायला सांगितला. एका जागी टोक खळगीत अडकतं. एकदा ते हाताला लागलं की पुन्हा विसरत नाही. आता खांदा ०.०५ मिमीच मागं घेतो. खांदा न हलवता फक्त मान मापात आणणारेही बरेच आहेत, पण मला ही काडतुसं शिकारीला न्यायची आहेत. थंडीत, घाईत, धूळ गेलेल्या बोल्टमध्ये (चेंबर मागून बंद करणारा रायफलीचा भाग) अडकणारं काडतूस मला नको.

आणि नेमकी तशीच चार मी बनवली.

तीस काडतुसं भरून झाली. रेंजवर, बोल्टमधली फायरिंग पिन काढून, नळी निशाण्याच्या दिशेला ठेवून एकेक चेंबर करून पाहिलं. सव्वीस गेली. चारांवर बोल्टचा दांडा अर्ध्यावर अडला. एकावर काळ्या मार्करनं खांदा रंगवला, पुन्हा घातलं, काढलं. खांद्याच्या अगदी कडेला चकचकीत कडं उमटलेलं. नख फिरवलं तर तिथं पितळ बाहेर फुगलेलं जाणवत होतं. चारही मित्राच्या लॉटमधली. झालं होतं असं: माझ्या नव्वद मी एकाच लांबीला कापल्या होत्या, ५०.९ मिमीच्या आसपास. मित्राच्या पुंगळ्या नंतर मिसळल्या आणि त्या कापायच्या राहूनच गेल्या. त्यात दोन ५१.१८च्या कमाल मर्यादेपलीकडे होत्या. सीटिंग डाय (गोळी बसवणारा साचा) मी जरा जास्तच खाली घेतला होता, त्यामुळे लांब पुंगळीचं तोंड क्रिंपच्या कडेला (तोंड गोळीवर दाबणारी डायमधली कड) आदळलं आणि दाब जाऊन बसला खांद्यावर. डाय दीड आटा वर घेतला, क्रिंप बंद. माझ्या रायफलीला त्याची गरजही नव्हती. चारही हातोडीवाल्या पुलरनं (आपटून गोळी बाहेर काढायचं साधन) उघडली. गोळ्या आणि पावडर परत मिळाली, पुंगळ्या भंगारात.

पावडरीबद्दल थोडक्यात. टेबलावर एका वेळी एकच डबा. किती ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) भरतो तो आकडा मी इथं मुद्दाम लिहीत नाही. माझी नळी, माझी पुंगळी, माझ्या पावडरीचा लॉट. तुम्ही मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासून चढत या आणि बोल्ट जड उठायला लागला किंवा बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणारी पिन) ठसा उमटला की उतरा. इलेक्ट्रॉनिक काटा पंख्याच्या वाऱ्यानं ०.२ ग्रेन भटकतो हे तासभर डोकं खाजवल्यावर कळलं. आता पंखा बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, दर दहा बारांनंतर तपासणीचं वजन. गोळ्या बसवायच्या आधी ठोकळ्यातल्या सगळ्या पुंगळ्यांवर टॉर्च मारतो. माझी पावडर जवळजवळ खांद्यापर्यंत येते, दुप्पट पडली तर सांडेलच. भीती रिकाम्या राहिलेल्या पुंगळीची आहे. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरून अडकू शकते, आणि त्यामागून दुसरी झाडली तर नळी फुटू शकते.

आता कागदावर काय दिसलं. १६५ ग्रेनची शिकारीची गोळी, १०० मीटर, पाच-पाच फैरींचे गट. पहिल्याचा पसारा ५२ मिमी, दुसऱ्याचा ३८, तिसऱ्याचा २४. तिसऱ्याचा फोटो काढून तिघांना पाठवला. पुढच्या आठवड्यात तेच काडतूस, तितकीच पावडर: ४७. दोष कुणाचा ते माहीत आहे, पण त्या २४च्या कागदाकडे अजूनही बघावंसं वाटतं.

त्याऐवजी आता एक वेगळा कागद चालू केलाय. रेंजवर गेलो की दिवसाची पहिली गोळी, थंड नळीतून, याच कागदावर. बाकी सराव दुसरीकडे. कागद गुंडाळून घरी आणायचा, पुढच्या वेळी तोच लावायचा. आजवर सहा भोकं पडली. पाच एका तळहाताखाली झाकतात. सहावं जवळजवळ ७ सेंमी खाली आणि डावीकडे आहे. त्या दिवशी आदल्या रात्री नळीत तेल ओढलं होतं आणि पुसायचं विसरलो होतो. त्या भोकाशेजारी पेन्सिलीनं "तेल" एवढंच लिहून ठेवलंय. पुढच्या शनिवारी मुद्दाम पुन्हा तेल ओढून, कोरडं न पुसता, सातवं पाडून बघणार आहे.