दोन पेग म्हणजे किती?

तोफखान्यात माझी अठरा वर्षं झाली होती, हुद्दा हवालदार. सरहद्दीवरून बदली होऊन देवळालीला आलो आणि फॅमिली क्वार्टर मिळालं. तोवर माझं पिणं घरच्यांनी फक्त सुट्टीत पाहिलं होतं. आता ते रोज दिसायला लागलं.

त्या वर्षीच्या मेडिकलमध्ये जीजीटी, म्हणजे रक्तातलं यकृताचं एक एन्झाइम, वाढलेलं निघालं. एमआय रूममधल्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्यातल्या, डॉक्टर मॅडमनी एक कागद काढला. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' चाचणी: दहा प्रश्न, 40 गुण, 8 किंवा जास्त आले की पिणं धोक्याचं. माझ्या पोटात गोळा आला. मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर नायब सुभेदारीच्या बढतीचं काय, हाच पहिला विचार. तब्येत नंतर आठवली. तरी खोटं बोललो नाही. 'रोज दोन पेग' म्हणालो, आणि मला ते खरंच वाटत होतं. गुण आले 10.

"घरी जाऊन तुमचा पेग मोजा," मॅडम म्हणाल्या.

रात्री माझ्या स्टीलच्या ग्लासात नेहमीच्या अंदाजाने पाणी ओतलं. मुलाच्या खोकल्याच्या औषधाचं 15 मिलीचं टोपण होतं. बायको त्याने मोजत गेली. सहा टोपणं! म्हणजे माझा एक पेग 90 मिलीचा. मॅडमच्या हिशेबातला 30 मिलीचा. रमच्या तेवढ्यात साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल. दोन नाही, मी रोज सहा पेग पीत होतो. ती काही बोलली नाही, टोपण धुऊन फळीवर ठेवलं. ती गप्प राहिली तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न, गुण 16.

सकाळी हात थरथरतात का, घाम फुटतो का, हे मॅडमनी नीट विचारलं. तसं काही नव्हतं, म्हणून हळूहळू कमी करायचं ठरलं. ज्याचे हात थरथरतात त्याने एकदम सोडू नये, फिट येऊ शकते, दवाखान्यात राहूनच सोडावी. हे मी आजही प्रत्येक जवानाला सांगतो.

कॅन्टीनमधला दारूचा कोटा उचलणं बंद केलं. आठवड्याचे चार दिवस कोरडे. संध्याकाळी सातची वेळ खायला उठायची, तेव्हा मुलाला घेऊन खंडोबा टेकडी चढायचो. बडा खाना, म्हणजे युनिटची एकत्र मेजवानी, सगळ्यात जड गेला. "फौजी असून नुसता लिंबू सोडा?" आणि "थंडीत रमनेच ऊब येते, उस्ताद." बर्फात मीही हेच म्हणत आलो होतो. खरं तर दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगातली ऊब बाहेर जाते.

तीन महिन्यांनी जीजीटी उतरलं. मॅडमनी पुन्हा तो कागद काढला.

"पिता त्या दिवशी किती?"

"दोन पेग."

"कुठल्या मापाचे?"

"टोपणाने मोजून चार, मॅडम."