आमच्या मंडळाचा गणेशजन्म

भाद्रपद जवळ आला की पंचवटीतल्या आमच्या जुन्या मंडळाचा जिवंत देखावा आठवतोच. बाकीची मंडळं दरवर्षी विषय बदलायची, आमचा ठरलेला, गणेशजन्म. वर्गणी जमत नाही म्हणून तोच तोच करतात असं लोक म्हणायचे, आणि ते खरंच होतं म्हणा.

पार्वती झालेली ताई हाताला हळद-बेसनाचं उटणं चोळत बसायची, खाली पडलेला मळ गोळा करून पुतळा करतेय असं दाखवायचं आणि लाईट घालवायची, लाईट आली की चादरीखाली गुडघ्यात मान घालून बसलेलं पोरगं एकदम उभं! पुढच्या रांगेतली चिल्लीपिल्ली दरवर्षी तेवढीच किंचाळायची. मग शंकराचा त्रिशूळ, परत अंधार, आणि पुठ्ठ्याचं हत्तीचं डोकं. सोंड म्हणजे वॉशिंग मशीनचा पाईप, वर राखाडी ऑइलपेंट, त्याचा असा वास की बाप्पा आतून शिंकायचा.

माईकवर गल्लीतल्या एक काकू. गोष्ट शिवपुराणातलीच सांगायच्या, जया-विजया या सख्या पार्वतीला म्हणाल्या की हे सगळे गण शंकराचे, आपलं असं कोण आहे? म्हणून तिने अंगच्या मळातून मुलगा घडवला. पोरांना ब्रह्मवैवर्त पुराणातली हवी असायची, शनीच्या नजरेने बाळाचं डोकं जातं ती, कारण शनीचा मेकअप भारी होतो. काकू ऐकतायत होय! "अरे पण त्यात आईचे हात कुठं दिसतात?"

हरतालिकेला आपल्या बायका वाळूची पिंड करतात कारण पार्वतीनेही शंकरासाठी तीच केली होती, आणि लगेच दुसऱ्या दिवशी चतुर्थीला मातीचा गणपती. म्हणजे नवरा वाळूतून मिळवला, पोरगा मळातून घडवला, देव घडवायला हिला सोनं-चांदी लागलं नाही, असं काकू ठासून सांगायच्या, आणि समोर बसलेली निम्मी माणसं रविवार कारंजाच्या चांदीच्या गणपतीचं दर्शन घेऊन आलेली असायची! पण टाळ्या त्याच वाक्याला पडायच्या. मला तर त्या वाक्यामुळेच पार्थिव पूजा कळली, आपण आणलेल्या मातीत प्राणप्रतिष्ठा करायची, दिवस भरले की उत्तरपूजा करून ती पाण्यात सोडायची, भाव आपला बाकी सगळी माती.

आता मंडळाने एलईडी स्क्रीन आणलीय. त्यात पार्वती नुसता हात फिरवते, चमचम होते आणि गणपती तयार. काकू असत्या तर त्या ऑपरेटरची काही खैर नव्हती.